उरलेली तीन गणितं

दुसरबीड, ता. सिंदखेड राजा
४ जुलै २०२३

आदरणीय दंडे सरांना,
प्रेरणा गोविंदा जायभाये हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखलं का? मे महिन्यात आमच्या गावात नारायणराव मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं. तुम्ही मांडवात खांबापाशी खुर्चीवर बसला होता आणि कुणाशीच बोलत नव्हता. मी आईला म्हटलं, ते आजोबा रुसलेत वाटतं. मग कळलं की तुमच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन आवाज गेला आहे आणि तुम्ही खिशातल्या वहीवर लिहून बोलता. तुम्ही लिहून विचारलं, कितवीत? मी म्हटलं, आता आठवीत जाईन. तुम्ही एक त्रिकोण काढला, दोन कोन दिले आणि तिसरा विचारला. मी तोंडीच सांगितला. मग तुम्ही दुसरा काढला. पंगत उठेपर्यंत आपल्या नऊ आकृत्या झाल्या. नववी मला आली नाही. तुम्ही वहीचं पान फाडून त्यावर नांदुऱ्याचा पत्ता दिला आणि लिहिलं, "शिष्यवृत्तीला बसणार असशील तर पत्र टाक."

तर मी बसणार आहे. पुष्पांजली मॅडम म्हणतात की आमच्या शाळेतून आठवीच्या यादीत अजून कुणाचंच नाव आलेलं नाही. बाकीचं गणित मला येतं. आकृत्यांची सूत्रंही सगळी पाठ आहेत, म्हणून दाखवू का? पण आकृती थोडी तिरपी काढून दिली की कोणतं सूत्र लावायचं तेच कळत नाही.

बाबांचा फोन त्यांच्यासोबत शेतात असतो आणि तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं. आई घरी शिलाईकाम करते. ती म्हणाली, सरांना त्रास देऊ नको. तुम्हाला त्रास होतो का?

तुमची विद्यार्थिनी (चालेल ना?)
प्रेरणा


नांदुरा
१२ जुलै २०२३

चि. प्रेरणा,
अनेक आशीर्वाद.

ओळखलं तर. ती नववी आकृती मी मुद्दाम अवघड काढली होती, कारण तू थांबेनास आणि माझा जिलेबीचा नंबर चुकत होता.

त्रास होत नाही, हे आईला सांग. चौतीस वर्षं मी वर्गात बडबडलो. आता घरात पाणी मागायचं तरी ताटली वाजवावी लागते. माझी बायको शारदा म्हणते, चौतीस वर्षांची भरपाई झाली. तेव्हा कुणी पत्राने का होईना, माझं ऐकून घेणार असेल तर मला हवंच आहे.

आता नियम ऐक. मी पाच-पाच गणितं पाठवीन. आकृती आधी काढायची, मोठी काढायची, सूत्र नंतर. सूत्र तुझं पाठ आहे हे चांगलंच आहे, पण ते खिशात राहू दे, लगेच हातात घेऊ नकोस. आणि पाचच्या पाच सोडवल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. चुकलं तरी चालेल, सोडून द्यायचं नाही. परीक्षेत पर्याय दिलेले असतात, काही प्रश्नांना दोन दोन पर्याय बरोबर असतात, तिथे घाबरट मुलं एक गोल काळा करून पुढे पळतात. तू पळायचं नाहीस.

सोबत पहिली पाच.

तुझा
नीळकंठ दंडे


दुसरबीड
२० ऑगस्ट २०२३

आदरणीय सरांना नमस्कार.

तिसऱ्या पाकिटातली पाचही पाठवत आहे. आयताची परिमिती ३४ आणि लांबी १२, तर रुंदी ५ आली आणि कर्ण १३. आधी मी कर्ण १७ काढला होता, म्हणजे १२ आणि ५ ची बेरीजच केली. आई कापड कापत होती, ती म्हणाली, "अगं, दोन बाजूंनी फिरून जायचं तेवढंच अंतर तिरपं जायचं कसं राहील?" मग मी वर्ग करून काढला. आईला वर्ग-बिर्ग माहीत नाही, पण चुकलं ते तिला बरोबर दिसतं. मला राग आला. ती सातवी शिकली आहे आणि मी आठवीत आहे.

शिष्यवृत्तीचा फॉर्म पुढच्या महिन्यात भरायचा आहे. मॅडमनी माझा फोटो घेतला. फोटोत माझा एक कान मोठा आलाय.

सर, मी पास झाले आणि यादीत आले तर मी पुढे गणितच घेणार. माझी मैत्रीण गार्गी म्हणते, गणित घेऊन मास्तरीण होतात. मी म्हटलं, मग काय झालं, दंडे सर मास्तरच आहेत.

तुमची
प्रेरणा


दुसरबीड
६ ऑक्टोबर २०२३

आदरणीय सर,

या वेळी दोनच झाली. पहिलं (बाह्यकोन ११०, एक आतला कोन ४५, तर दुसरा ६५) आणि दुसरं (समांतरभुज चौकोनाचा एक कोन ७० तर शेजारचा ११०). बाकीची तीन राहिली. डोकं फार दुखत आहे. पाकीट बंद करू नको असं तुम्ही सांगितलं आहे, पण उशीर झाला म्हणून करत आहे. पुढच्या पत्रात तीन अधिक पाच अशी आठ पाठवीन.

प्रेरणा


नांदुरा
१३ ऑक्टोबर २०२३

चि. प्रेरणा,
आशीर्वाद.

दोन्ही बरोबर. पण दोनच!

डोकेदुखीची आणि माझी जुनी ओळख आहे. चौतीस वर्षांत मी एक पाहिलं, भूगोलाच्या तासाला कुणाचंच डोकं दुखत नाही. ते दुखतं भूमितीच्या तासाला, आणि घंटा झाली की थांबतं. समभुज चौकोन पाहिला की दुखायला लागणारी डोकी मी शेकड्यांनी बरी केली आहेत. औषध एकच, समोर बसून तो चौकोन सोडवणं.

रागावलो नाही. पण परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक तुझं डोकं चेपत बसणार नाही. ती तीन गणितं आधी पाठव. ती आल्याशिवाय पुढची पाच मिळणार नाहीत.

तुझा
नीळकंठ दंडे


दुसरबीड
९ नोव्हेंबर २०२३

आदरणीय सर यांना,
नमस्कार.

राहिलेली तीन गणितं पाठवून राहिली आहे. उशीर झाला त्याची माफी असावी.

तिसरं. समभुज चौकोनाचे कर्ण १६ आणि १२. मी १६ लांब आणि १२ रुंद असा कागद कापला. चारही बाजूंचे मधले बिंदू जोडले तर आत तो चौकोन बसला. बाहेरचे चार कोपरे कापून त्याच्यावर मांडले तर सगळा चौकोन झाकला गेला, काही उरलं नाही, काही कमी पडलं नाही. म्हणजे तो कागदाच्या निम्मा आहे. कागद १९२, चौकोन ९६.

चौथं. समलंब चौकोन, बाजू १० आणि ६, उंची ४. सारखेच दोन तुकडे कापले. एक उलटा करून दुसऱ्याला जोडला. सरळ पट्टी झाली, १६ लांब आणि ४ उंच. ६४ चा अर्धा ३२.

पाचवं. १० बाजूच्या चौरसाचे मधले बिंदू जोडून आतला चौरस. रुमालाची चार टोकं मधोमध दुमडली, ती बरोबर मधी भेटली. म्हणून ५०.

चुकलं असल्यास सांगावं.

प्रेरणा

ता. क. अक्षर वेगळं वाटल. बोटाला सुई लागली आहे.


नांदुरा
२० नोव्हेंबर २०२३

चि. प्रेरणा,
खूप खूप आशीर्वाद!

तुझं पत्र मी शारदाला दाखवलं. तिला गणितातलं ओ की ठो कळत नाही, तरी तिने कात्री आणली आणि आम्ही दोघांनी मिळून जेवणाच्या टेबलावर चार कोपरे कापून पाहिले. ती म्हणाली, "हे मला शाळेत कुणी असं दाखवलं असतं तर मी कशाला नापास झाले असते?" चौतीस वर्षांत मला हे सुचलं नाही याची लाज वाटली.

खरं सांगू? इतके दिवस मला तुझी थोडी काळजी होती. हुशार होतीस, झटपट होतीस, पण सूत्राला धरून चालायचीस. सूत्र आठवलं तर उत्तर, नाही तर कोरं पान. आधीची प्रेरणा पाठांतरावर पास झाली असती. ही प्रेरणा वेगळी आहे. हिला आकृती दिसते. एका महिन्यात एवढा फरक पडलेला मी क्वचित पाहिला. आधीच्या सगळ्या पत्रांपेक्षा हे एक पत्र मला जास्त आवडलं.

आता तू यादीत येणार, लिहून ठेव. बोटाची काळजी घे. सोबत पुढची पाच, जरा वरच्या पायरीची.

तुझा
नीळकंठ दंडे


दुसरबीड
२ डिसेंबर २०२३

दंडे सर यांना,
कोकिळा गोविंदा जायभाये हिचा नमस्कार.

मी प्रेरणाची आई. मागचं पत्र मी लिहिलं होतं. प्रेरणा नाई. प्रेरणा दहा ऑक्टोबरले गेली.

तुमच्याशी खोटं बोलली, त्याबद्दल काय बोलायचं ते बोला. पण आधी सगळं ऐकून घ्या. माझं माहेर मलकापूरकडचं, मी बोलते तशीच लिहिते.

त्या आठवड्यात तिले ताप होता. कमी-जास्त व्हायचा. शुक्रवारी तुमचं पाकीट टाकायचं होतं. ती म्हणे, आई, डोळ्याच्या मागं दुखते, तीन राहिली. मीच म्हटलं, राहू दे, दोन तं दोन, सर काही खात नाई तुले. दुकानातून गोळी आणून दिली. शनिवारी शाळेत सराव परीक्षा होती. ती म्हणे, जाऊ का नको? मी म्हटलं, जा, बसून तं लिहायचं आहे. सर, हे मीच म्हटलं. रविवारी सकाळी नाकातून रक्त आलं. जालन्याले नेलं. डेंग्यू निघाला, पेशी लई कमी झाल्या होत्या. मंगळवारी दुपारी गेली. तेरा वर्षं चार महिने.

आठव्या दिवशी तुमचं पत्र आलं. आमचे पोस्टमन पुंजाजी दारात येऊन उभे राह्यले, पाकीट देऊन राह्यले ना बोलून राह्यले. शेवटी म्हणाले, "वापस पाठवू का?" मी म्हटलं, काऊन वापस? तिच्या नावाचं आहे. घरात बाया बसल्या होत्या. मी आत जाऊन वाचलं.

तुम्ही लिहिलं होतं की भूमितीच्या तासाले पोरांचं डोकं दुखते.

मले तुमचा राग नाई आला. तुमाले काय माहीत होतं? मी तिच्या जवळ होती, मलेच समजलं नाई. पण मले असं वाटलं की माझ्या पोरीवर आळ राह्यला. ती खोटं बोलली, कामचुकार होती, असं कुणीतरी नांदुऱ्यात समजून बसलं आहे आणि आता ती सांगायले येऊ शकत नाई. तिनं लिहिलं होतं, तीन पाठवीन. मग ती तीन पाठवली पाहिजेत. एवढंच डोक्यात बसलं. रडायच्या जागी तेच बसलं.

तिची वही काढली. तिच्यात सूत्रं होती, मले एकही लागलं नाई. मग मले जे येते त्यानं केलं. पोलक्याच्या बगलेत तुकडा घालतो, कापड तिरपं कापून उरेब पट्टी काढतो, तेव्हा कापड कसं बसते ते हाताले माहीत असते. तिसऱ्या गणिताले आठ दिवस लागले. प्रेरणाच्या बाबांनी एक दिवस पाह्यलं. मले वाटलं, आता हात धरतील, म्हणतील, वेडी झाली का? त्यांनी तिची पेन्सिल उचलली, ब्लेडनं टोक केलं आणि माझ्यासमोर ठेवून वावरात गेले.

तीन पाठवून मी थांबणार होती. तुमाले खरं कळवणारही नव्हती. प्रेरणानं पुढं पत्र टाकलं नाई, कंटाळली असेल, असं तुम्ही समजले असते आणि विसरले असते. तेवढं चाललं असतं.

पण तुमचं हे पत्र आलं. आधीच्या प्रेरणापेक्षा ही प्रेरणा चांगली, असं तुम्ही लिहिलं. सर, तिच्या नावानं लिहिता लिहिता मीच तिले खाली पाडलं. ती पाठांतरवाली नव्हती सर. ती चालता चालता गणितं करायची, दळण घेऊन येता येता. अजून दोन वर्षं मिळाली असती तर तिलेही दिसलं असतं. मी छत्तीस वर्षांची आहे, पंधरा वर्षांपासून कापड कापून राह्यली. तिले तेरा वर्षंच मिळाली. माझी तिची बरोबरी कशी लावता?

म्हणून लिहिलं. माझ्या कागदावरचे तुमचे शब्द वापस घ्या. बाकी काही नाई.

कोकिळा


नांदुरा
२६ डिसेंबर २०२३

श्रीमती कोकिळाताई,
नमस्कार.

तुमचं पत्र येऊन वीस दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. शारदाने एकदा फाटलेले तुकडे जुळवून वाचले आणि म्हणाली, "सगळं स्वतःबद्दल लिहिलंय तुम्ही." ते खरं होतं. म्हणून आता थोडक्यात लिहितो.

डोकेदुखीचं ते वाक्य मी आयुष्यभर वर्गात म्हणत आलो. मुलं हसायची. त्यांतल्या किती जणांचं खरंच दुखत होतं, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या प्रेरणाचं दुखत होतं. तिने ते सरळ एका ओळीत लिहिलं आणि मी त्याची थट्टा केली. माझं पत्र पोचलं तेव्हा ती ते वाचायला नव्हती, ही माझ्यावरची कृपा समजू की शिक्षा, मला ठरवता येत नाही. मला क्षमा करा असं म्हणायचा धीर होत नाही, तरी म्हणतो.

तुम्ही स्वतःला दोष देता. तुम्ही गोळी दिली, शाळेत पाठवलं. ताप आलेल्या मुलाला गावोगाव आया हेच करतात आणि शंभरातली नव्याण्णव मुलं संध्याकाळी खेळायला जातात. यापेक्षा दुसरं समाधान माझ्याजवळ नाही.

शब्द मागे घेतो. पण नुसतं मागे घेतो म्हणून भागणार नाही, म्हणून प्रेरणाची सगळी पत्रं पुन्हा काढली. मी चुकीचं वाचलं होतं. तिसऱ्या पाकिटात तिने कर्ण १७ चा १३ केला. तुम्ही चूक दाखवलीत, पण बरोबर उत्तरापर्यंत ती एकटी गेली. आणि चूक आईने दाखवली म्हणून सापडली, हे तिने लपवलं नाही. राग आल्याचंही लपवलं नाही. शिक्षकाला एवढं खरं पत्र लिहिणारी मुलगी मला दुसरी मिळाली नव्हती. तिच्यात आणि तुमच्यात मी तुलना केली ती अडाणीपणाची होती. तुम्ही दोघी एकाच उत्तराला दोन वाटांनी येत होता.

मागे पाठवलेली पाच गणितं तुमच्याकडे आहेत. ती सोडवा असं मी म्हणू शकत नाही आणि परत पाठवा असंही म्हणवत नाही. शारदा म्हणते, "त्या बाईला काय करायचं ते ती करील, तुम्ही मध्ये बोलू नका." मी तसाही बोलू शकत नाही.

गोविंदरावांना माझा नमस्कार सांगा.

नीळकंठ दंडे


दुसरबीड
२० फेब्रुवारी २०२४

सर यांना नमस्कार.

तुमचं पत्र मी यांनाही वाचून दाखवलं. त्या दिवशी दोघं बरोबर जेवलो.

पाच गणितांतली चार मी केली आहेत, सोबत पाठवते. वर्तुळाचं एक आहे ते मले आलं नाई. गोल कापड मोजता येते, पण त्याचा हिशेब माझ्या हातात नाई.

आता दुसरं सांगते. जानेवारीच्या शेवटी पुष्पांजली मॅडम घरी आल्या. पिशवीतून कागद काढला आणि रडायले लागल्या. शिष्यवृत्तीचं प्रवेशपत्र होतं, प्रेरणाचं. फॉर्म सप्टेंबरातच भरला होता, तो कोण रद्द करते? त्यावर तिचा फोटो, नंबर, केंद्र सिंदखेड राजा. मॅडम म्हणाल्या, "ताई, द्यावं का नाही, मला कळत नव्हतं." मी म्हटलं, द्या.

रविवारी परीक्षा होती. सकाळी मी साडी बदलली तं यांनी गाडी बाहेर काढली. विचारलं नाई कुठं. केंद्रावर सोडलं आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. मले काय करायचं होतं ते मलेही माहीत नव्हतं. पेपर सुरू व्हायच्या आधी पोरींना वर्ग दाखवून राह्यले होते, आईबापही आत जात होते. मी प्रवेशपत्र हातात घेऊन चार नंबरच्या वर्गात गेली. दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, बाकावर खडूनं तिचा नंबर लिहिला होता. पुढच्या मागच्या बाकावर पोरी बसल्या होत्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर जा. तुमची मुलगी कुठे आहे?"

मी म्हटलं, येऊन राह्यली.

असं काऊन म्हटलं सर? मले ठाऊक नाई. बाहेर आली आणि निंबाखाली बाकीच्या आयांजवळ बसली. एक बाई देऊळगावची होती, तिनं डब्यातला चिवडा दिला. विचारलं, तुमची कोणत्या वर्गात? मी म्हटलं, चार नंबर, खिडकीजवळ. ती म्हणे, चांगलं झालं, उजेड राह्यल. दीड तास मी तिच्याशी बोलली. प्रेरणाले काय आवडते, किती बोलते, सकाळी कशी उठत नाई. चार महिन्यांत मी तिच्याबद्दल कुणाशी अशी बोलली नव्हती. आमच्या गावात तिचं नाव काढलं की लोक गप्प होतात.

घंटा झाली. पोरी बाहेर आल्या. जो तो आपल्या आईजवळ गेला, पेपर दाखवून राह्यला, भांडून राह्यला. ती देऊळगावची बाई आपल्या पोरीसोबत उभी होती आणि माझ्यासाठी थांबली होती, की तुमचीही येऊ द्या. मग वर्ग रिकामा झाला. बाईनं माझ्याकडं पाह्यलं. मी मान हलवली. तिले काय समजलं माहीत नाई, पण तिनं पोरीले पुढं पाठवलं आणि माझा हात धरून राह्यली.

गार्गीनं मले पाह्यलं आणि धावत आली. स्वतःची प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली. म्हणे, "काकू, पहिला पेपर झाला, आता हा तुम्हाला घ्या."

त्यात आकृत्यांचे अकरा प्रश्न आहेत. मी घरी येऊन सगळे केले, एकही सोडला नाई. उत्तरं सोबत लावली. तपासून द्या. दयामाया करू नका. जसं तिचं तपासलं असतं तसं तपासा.

कोकिळा


नांदुरा
२७ फेब्रुवारी २०२४

कोकिळाताईंना नमस्कार.

तुम्ही म्हणालात तसंच तपासलं. लाल पेनने.

आधीची चारही गणितं बरोबर. पेपरातले अकरापैकी नऊ बरोबर. ज्या प्रश्नाला दोन पर्याय बरोबर होते (कोणत्या चौकोनांचे कर्ण एकमेकांना लंब असतात), तिथे तुम्ही चौरस आणि समभुज चौकोन असे दोन्ही धरलेत. तिथे शिकलेली मुलंही एकावर थांबतात.

दोन चुकले.

सहावा: वर्तुळाचा परीघ ८८, तर क्षेत्रफळ? तुम्ही ८८ सेंटिमीटर दोरा गोल मांडून आतले चौकोन मोजलेत आणि ६०५ हा पर्याय घेतलात. उत्तर ६१६. दोरा एका बाजूला जरासा चपटा पडला असणार. इथे सूत्रच हवं: परिघावरून त्रिज्या १४, मग बावीस सप्तमांश गुणिले १४ गुणिले १४.

नववा: अष्टकोनाला कर्ण किती? तुम्ही आकृती काढून रेघा मोजल्यात आणि १९ आणलेत. एक रेघ सुटली. आठ गुणिले पाच, भागिले दोन, बरोबर २०. मोजायला गेलं की इतक्या रेघांत डोळा फसतोच.

बाकी कशावरही खूण करायला जागा नव्हती.

आणखी एक लिहू का, असं मनात येतं आहे. दहावीला बाहेरून बसता येतं. पण आज नाही लिहीत. तुम्ही विचाराल तेव्हा सांगेन.

नीळकंठ दंडे


दुसरबीड
८ मार्च २०२४

सर,

तुमचा कागद मिळाला. दोन लाल खुणा पाह्यल्या आणि मी तिची वही काढली. कव्हराच्या आतल्या बाजूनं तिनं सूत्रं लिहिली आहेत. परिघाचं आहे, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं आहे. त्याच्या खाली कर्णांचं आहे, त्याले तिनं चौकट केली आहे आणि बाजूले लिहिलं आहे, "मोजत बसू नये."

मग मी उरलेल्या नवांतला एकेक प्रश्न घेतला आणि वहीत शोधला. त्या त्या प्रकारचं गणित तिनं कुठं ना कुठं केलेलं आहे. काही पहिल्यांदा चुकलं आहे, मग खोडून बरोबर केलं आहे. मी दोन दिवस पाहून राह्यली होती. यांनाही बसवलं. एकही प्रश्न असा निघाला नाई की जो तिले आला नसता.

मले दोन आले नाईत सर. तिले ते आले असते.

हे मी यांना मोठ्यानं म्हटलं. अकरापैकी अकरा, म्हटलं. आणि तिथंच बसून रडली. जालन्याहून आल्यापासून मी रडली नव्हती, लोक मले त्यावरून बोलायचे. हे माझ्याजवळ बसले आणि तेही रडले. दुपारी एक बाई पोलक्याचं माप द्यायले आली होती, ती दारातून वापस गेली.

आता काही दिवस गणितं पाठवू नका. दहावीचं आता नका सांगू. तिचं जे राह्यलं होतं ते झालं, तिच्या नावावर काही बाकी नाई. आतापर्यंत मी तिचं काम करून राह्यली होती, म्हणून ती आहे असं वाटायचं. आता मले ती नाई एवढं समजून घ्यायचं आहे. त्याले किती दिवस लागतात ते माहीत नाई.

शारदाताईंना नमस्कार.

प्रेरणाची आई
कोकिळा